एकाच लेखकाचे अकरा खंड

सगुणाबाईंनी त्या रविवारीही प्रभुभोजनाचं ताट नुसतंच पुढं सरकवलं. भाकर घेतली नाही, प्यालाही घेतला नाही. सलग तिसरा महिना. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला वाटण्याचा हा विधी भूमच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये महिन्यातून एकदाच, पहिल्या रविवारी, उपासनेच्या शेवटी असतो.

सगळे पांगल्यावर मी त्यांना गाठलं.

"मावशी, काही झालंय का?"

"न्हाय पास्टरसाहेब. तुमीच म्हनला न्हवं, उशिरा, धावतपळत येऊन ताटाला हात लावायचा म्हंजी प्रभूचा अपमान. मी पडले तेरखेड्याच्या फटाक्याच्या कारखान्यातली. दिवाळीपतूर रविवारीबी अर्धी पाळी असती. एसटी मिळून इथं येईस्तवर बारा वाजत्यात."

वाक्य माझंच होतं. खरं तर कॉमेंटरीतून उचललेलं. कॉमेंटरी म्हणजे बायबलच्या ओळीओळीचा अर्थ उलगडणारा ग्रंथ. प्रवचनासाठी आम्हा पाळकांची सगळी भिस्त त्यावर. माझ्याकडं एकाच लेखकाचे अकरा खंड होते, हिरव्या कापडी बांधणीचे. कुणी घरी आलं की मी मुद्दाम त्या कपाटासमोरच खुर्ची टाकायचो.

घरी जाऊन बायबलमधल्या पौलाच्या पत्रातला प्रभुभोजनाचा उतारा पुन्हा काढला. खंड म्हणत होता, अपात्रपणे खाणारा म्हणजे तयारी न करता येणारा. दुसऱ्या खंडात पाहिलं, तेच. एकच माणूस स्वतःच्या म्हणण्याला दुजोरा देत होता आणि मी त्याला अकरा साक्षीदार समजत होतो.

त्या आठवड्यात धाराशिवला गेलो. तिथं आमचे एक निवृत्त पाळक राहतात.

"काका, याच लेखकाचं आणखी काही आहे का तुमच्याकडं?"

"तुझ्याकडं लेखक किती हायेत?"

"खंड अकरा आहेत."

"खंड न्हाय विचारले."

त्यांनी कव्हर फाटलेलं एक पातळ पुस्तक हातात ठेवलं. "हे ने. तुझ्या सेटशी याचं अजिबात पटत न्हाय."

परतीच्या एसटीतच वाचलं. ज्या करिंथ शहरातल्या मंडळीला पौलानं ते पत्र लिहिलं, तिथं प्रभुभोजन म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवणच असायचं, आणि सुखवस्तू लोक लवकर जमून जेवून घ्यायचे. राबणारी माणसं काम उरकून येईपर्यंत ताटं रिकामी. पौल रागावला होता तो आधी जेवणाऱ्यांवर. एकमेकांसाठी थांबा, असं तो पुढं लिहितोही. ती ओळ मी कितीदा तरी वाचली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या महिन्यात प्रवचनात सांगून टाकलं, मी चुकीचं शिकवलं. मग भाकर झाकून ठेवली. लोक घड्याळं बघायला लागले.

"पास्टर, किती येळ थांबायचं?" पुढच्या बाकावरून एकानं विचारलं.

"एसटी येईपर्यंत."

त्या दिवशी एसटीलाही उशीर झाला; सव्वाबाराला सगुणाबाई दारात दिसल्या. मी ताट घेऊन तिथंच गेलो.

"मावशी, चूक माझी होती. पौल तुमच्यावर न्हाय, आमच्यावर रागावलाय."

त्यांनी ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मग तीन महिने म्या उगंच उपाशी ऱ्हायले व्हय?"

मी ताट पुढं केलं. त्यांनी भाकर घेतली.

नवे पाळक पुस्तकांबद्दल विचारतात, तेव्हा मी एवढंच सांगतो. एका नावाचा पूर्ण सेट घेऊ नका. एकमेकांशी न पटणाऱ्या दोन कॉमेंटऱ्या घ्या आणि प्रवचनाआधी दोन्ही वाचा. आपलं चुकलं तर उपाशी ऐकणारा राहतो.