दोह्यात चिनी पिंडदान

मी चौथीपर्यंत शिकलो, त्यामुळे मला सगळं कळतं. पाचवीत गेलो असतो तर शंका आल्या असत्या.

मुलाकडे दोह्याला आलो होतो. मुलगा रास लफानला गॅसच्या कारखान्यात; त्याचा चिनी साहेब आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर. पुतणीच्या लग्नाला सगळ्यांनी नाशिकला जायचं होतं, पण मुलाच्या सुट्टीवर याच साहेबाची सही अडलेली. अशात साहेबाच्या बायकोनं त्यांच्या सणाचं ताट पाठवलं. पानात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेले भाताचे गोळे!

"हे गं काय?" मी नातीला, ईशाला, विचारलं.

"आजोबा, खूप जुनी स्टोरी आहे. एक मिनिस्टर होता. किंगनं त्याचं ऐकलं नाही, म्हणून त्यानं नदीत जंप मारली. माशांनी त्याला खाऊ नये म्हणून लोकांनी पाण्यात राइस टाकला. तेव्हापासून हा फेस्टिवल."

मेलेला माणूस, नदी, भाताचा गोळा... मी उठलोच! "अगं, हे तर पिंड!"

"मामंजी, खायचे असतात ते!" सूनबाई ओरडली.

"परक्याच्या पिंडाला हात लावशील तर खबरदार!"

(आमच्या घरात मी बोललो की खलास. निस्तरतात बाकीचे.)

खाली कंपाउंडमध्ये गेलो, पानं सोडली, ताट कठड्यावर ठेवलं आणि "काव काव" सुरू केलं. जूनचं ऊन! कावळेसुद्धा एसीत बसले असावेत. एकही शिवेना! म्हणजे इच्छा राहिलेली. मी हात जोडले, "मंत्रीसाहेब, राजाचं मनावर घेऊ नका. माझं तरी घरात कोण ऐकतं? मी मारली का उडी?"

मागे वळलो तर साहेब उभा! शेजारी सूनबाई, चेहरा पांढराफटक. साहेबानं इंग्रजीत काही विचारलं आणि ईशानं सगळं खरं सांगून टाकलं. (असं पोर आमच्या घराण्यात पहिलंच.)

गेली सुट्टी, गेलं लग्न! मी मान खाली घातली. तर साहेबही माझ्या शेजारी हात जोडून उभा!

"आजोबा, अंकल म्हणतात, आमच्याकडे सगळे नुसते खातात. त्या मिनिस्टरशी बोलतं कोण?"

मग त्यानं एक गोळा माझ्या हातावर ठेवला. सहीवाल्या साहेबाला नाही कसं म्हणणार? खाल्ला. आत गोड खजूर! दुसरा मंत्र्याच्या मानासाठी घेतला. पुढच्यांना कारण शोधत बसलो नाही.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "सुट्टी मिळाली! पण साहेब फोनवर एवढे हसत का होते?"

"अहो, मामंजींनी चिनी पिंड मांडले होते," सूनबाई म्हणाली. "कावळा काही शिवला नाही. शेवटी मामंजीच शिवले!"