किशोर गांगुर्डेचं आवडीचं काम

२०१९च्या दसऱ्याआधी सातपूरच्या एका कारखान्याने टूलरूममधली अकरा माणसं घरी बसवली. गाड्या खपत नव्हत्या, त्यामुळे गाड्यांचे सुटे भाग कुणाला नको होते. आधी आठवड्यातून दोन दिवस काम बंद, मग चार दिवस, आणि मग एका दुपारी एकेकाला ऑफिसात बोलावून कागदावर सही. किशोर गांगुर्डेची बावीस वर्षं त्या सहीत संपली. समोरचा तरुण साहेब त्याला धीर देत म्हणाला, “गांगुर्डे, तुम्हाला तर छंद आहे म्हणे, पेट्या दुरुस्त करायचा. नशीबवान आहात. आता आवडीचं काम करा.”

किशोरने पेन परत ठेवलं. त्याला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्याच्या मनात आनंदाची एक छोटीशी उकळी फुटली होती. ती त्याने बायकोलाही सांगितली नाही.

कारण ते खरंच होतं. हार्मोनियमवर त्याचा फार जीव. मखमलाबादपासून घोटीपर्यंतची भजनी मंडळं रविवारी आपली पेटी घेऊन त्याच्या दारात यायची. पेटीच्या पोटात पितळी पट्ट्यांची रांग असते, तिला रीड म्हणतात. पट्टीच्या टोकाला कानस फिरवली की सूर चढतो, बुडाशी फिरवली की उतरतो. केसभर जास्त घासलं की पट्टी वाया. टूलरूममध्ये आयुष्यभर कानस चालवलेल्या किशोरच्या हाताला हे बरोबर जमे, आणि कान तर त्याला उपजतच होता. चहावर काम करायचा. पैसे घ्यायचं कधी सुचलं नाही.

अशोकनगरात रस्त्यापासून आत, गिरणीशेजारी एक गाळा त्याने भाड्याने घेतला. मोहिनी, त्याची बायको, एवढंच म्हणाली, “अहो, दुसरी कंपनी बघा की. आपल्या दिशाचं नर्सिंगचं वर्ष आहे.”

“कुठली कंपनी? सगळीकडे माणसं काढतायत.”

ते खरं होतं, पण त्याने विचारलंही नव्हतं कुठे.

पहिले चार महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. सकाळी नऊला शटर उघडायचं, पेटी उघडून एकेक सूर ऐकायचा. भोंगा नाही, कार्ड पंच करणं नाही. पंचवटीतल्या सुमनबाई पगारे त्याच काळात पहिल्यांदा आल्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, घरी वीस-पंचवीस मुलांचा वर्ग घेणाऱ्या. त्यांनी एका विद्यार्थिनीची पेटी आणली होती. किशोरने लावलेला पंचम त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, “नाशकात असा कान आहे आणि मला माहीत नव्हतं.” तो आठवडाभर त्याच वाक्यावर जगला.

मग मार्च आला आणि सगळं बंद झालं. देवळं बंद, भजनं बंद. शटर उघडता आलं तेव्हाही कुणी येईना. माणसं खोकली तरी शेजारी दार लावून घेत, तिथे पेटीभोवती कोण बसणार? गाळ्याचं भाडं मात्र चुकत नव्हतं.

त्यातून वाट काढली ललितशेठने. रविवार कारंजावर त्याचं वाद्यांचं दुकान. घरी बसलेल्या लोकांना गाणं शिकायची हुक्की आली होती आणि तो ऑनलाइन स्वस्त पेट्या विकत होता. बाहेरून आलेल्या त्या पेट्या बेसूर असत. आठवड्याला बारा पेट्या किशोरच्या गाळ्यात येऊन पडू लागल्या.

“एवढं घासत बसू नकोस,” ललितशेठ सांगायचा. “मोबाइलवर सुराचा काटा हिरवा झाला की पुढची घे. घेणाऱ्याला सा कळत नाही.”

लाकूड ओलं, रीड पत्र्यासारखे. आज लावलेला सूर महिन्याने पडणार हे किशोरला कळायचं. पहिल्या काही पेट्यांवर त्याने जीव ओतला. ललितशेठने माल उशिरा आल्याबद्दल झापलं. मग तो काटा बघून घासायला लागला. पोरगी शिकत होती, दुसरं कुणी काम देत नव्हतं. आणि कुणी भेटलं की म्हणायचंच, “बरंय बाबा तुझं, आवडीचं काम करतोस!”

२०२१च्या पावसाळ्यानंतर सुमनबाई स्वतःची पेटी घेऊन आल्या. उंदरांनी भाता कुरतडला होता. चाळीस वर्षांची जुनी पेटी, आत जर्मन रीड. असे आता बनत नाहीत. किशोरने भाता बदलला आणि सा दाबला. गोल, भरलेला आवाज गाळाभर झाला. कितीतरी दिवसांनी त्याने हात थांबवून नुसतं ऐकलं.

नेमका त्याच वेळी ललितशेठ दारात उभा होता. “जर्मन आहेत का रे? पुण्याचं एक गिऱ्हाईक असेच रीड शोधतंय. कुठून मिळतायत का बघ. मागशील ती किंमत देईल.”

पेटी कुणाची हे त्याने विचारलं नाही. दिशाच्या कॉलेजने फी भरल्याशिवाय परीक्षेला बसू देणार नाही अशी चिठ्ठी घरी पाठवली होती. किशोरने दोन दिवस पेटी झाकून ठेवली. तिसऱ्या दिवशी रीड उतरवले, त्या जागी नवे बसवले आणि ते इतके काळजीने लावले, की गेल्या वर्षभरात त्याने कुठल्याच पेटीवर एवढी मेहनत घेतली नव्हती.

सुमनबाई न्यायला आल्या. स्टुलावर बसून त्यांनी सा धरला. सोडला. पुन्हा धरला.

“किशोर, हे माझेच रीड ना?”

“तुमचेच, बाई. साफ केलेत. आवाज जरा उघडतो.”

“उघडला नाही रे. पातळ लागतोय मला. सुरात आहे, पण पातळ.”

अजूनही सांगता आलं असतं. किशोर कापडाने पेटी पुसत म्हणाला, “वयाने होतं तसं, बाई. कान थोडा उतरतो. माझ्या वडिलांचंही झालं होतं.”

त्यांनी पेटीचा भाता लावून घेतला. मग उठल्या. “तू म्हणतोस म्हणजे असेल. तुला खोटं ऐकू यायचं नाही.”

दिवाळीनंतर त्यांची विद्यार्थिनी भाग्यश्री आपली पेटी घेऊन आली. बोलता बोलता म्हणाली, “काका, दुसरे कुणी शिकवणारे माहीत आहेत का? बाईंनी वर्ग बंद केला. म्हणतात, माझा कान गेला, पोरांना चुकीचं शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं.”

किशोर तसाच स्कूटर काढून रविवार कारंजावर गेला. “शेठ, ते जर्मन रीड परत पाहिजेत.”

“परत? त्या माणसाच्या पेटीत बसले कधीच.”

“मागून बघा ना. मी पैसे देतो, हप्त्याने देतो.”

“आणि काय सांगून मागू? कुठून आणलेस हे मी तुला विचारलं नव्हतं, किशोर. आता तू मला सांगू नकोस.”

तिथून तो पंचवटीत गेला. सुमनबाईंनी दार उघडलं, चहा टाकला. सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या होत्या. पेटीवर कापड होतं आणि कापडावर औषधांचा डबा.

“बाई, तुमचा कान चांगला आहे,” तो म्हणाला.

“समजूत घालू नकोस. डॉक्टरही तपासून म्हणाले, वयाच्या मानाने ठीक. म्हणजे कमी झालाच असणार.” त्या हसल्या. “तुझं बरं चाललंय ना? पोरीची परीक्षा झाली?”

“झाली,” तो म्हणाला. “पास झाली.”

चहा संपला. तो उठून आला. पुढे तीन-चार वेळा तो त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, पण आत वळला नाही.

दोन वर्षांनी गाड्यांना मागणी आली. जुन्या कारखान्याला टूलरूमची माणसं हवी होती, पण आता ठेकेदारामार्फत, निम्म्या पगारावर, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. बाकीचे दहाजण विचार करत होते. किशोर दुसऱ्याच दिवशी गेला.

मोहिनीला नवल वाटलं. “अहो, एवढं आवडीचं काम सोडून? दिशा आता कमावतेय. ओढाताण संपलीये आपली.”

“नको ते,” तो म्हणाला.

गाळा त्याने रिकामा केला. कानशी, पट्ट्या, भात्याचं कापड, सगळं ललितशेठच्या नव्या कामगाराला देऊन टाकलं. जेवणाच्या सुट्टीत जुने सोबती हळहळतात, मंदीने आणि कोरोनाने किती धंदे बुडवले ते मोजतात आणि म्हणतात, “गांगुर्डेचंही बघा ना. केवढा गुणी माणूस, पण काळ वाईट निघाला.”

किशोर मान हलवतो आणि डबा पुढे करतो. कुणाला भाजी पाहिजे का, विचारतो.