पिंजऱ्यातून खालचं दिसतं का

आमच्या आत्याने तरुणपणाची सगळी वर्षं छताला टांगलेल्या लोखंडी पिंजऱ्यात बसून काढली. खरंच. गोदीतल्या जहाजदुरुस्तीच्या शेडमध्ये वरच्या वर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारी क्रेन होती, आणि तिच्या पोटाखाली चालकाची केबिन, तिला सगळे पिंजराच म्हणायचे. वर एकटी आत्या आणि खाली सगळे बाप्ये. त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं घार. "घार बसली रे वर, डबे झाका!" असं कुणीतरी ओरडायचं आणि ती वरून हातमोजा फेकून मारायची, नेम कधी चुकला नाही म्हणे. म्हणे म्हणजे तीच सांगते.

तिच्याकडून आम्ही भावंडं लहानपणीच इशारे शिकलो होतो. वर आवाज पोचत नाही ना, म्हणून सगळं हातांनी. अंगठा वर म्हणजे उचल, तळवा खाली म्हणजे सोड. दोन्ही हात आडवे पसरले की थांब. मग चालकाने क्रेन चालवायच्या दांड्यांवरचे हात काढायचे आणि तळवे खालच्याला दाखवायचे, म्हणजे थांबले रे बाबा, बघ. इशारा फक्त एकाचा ऐकायचा, खाली जो नेमलेला असेल त्याचाच. थांब मात्र कुणाचंही. "कुत्र्याने शेपटी आडवी करून थांब सांगितलं तरी थांबायचं," आत्या म्हणायची. घरात आम्ही जेवताना एकमेकांना थांब करायचो आणि समोरच्याने घास तिथेच सोडून तळवे दाखवायचे. आई वैतागायची.

आणि याच एका इशाऱ्यावरून आत्या आणि मोठे काका एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून.

काका त्याच शेडमध्ये फिटर होते. एक दिवस आत्या लोखंडाचा मोठा पत्रा घेऊन शेवटच्या टोकाकडे निघाली होती. काका भिंतीजवळच्या शेवटच्या खांबापाशी उभे होते. त्यांना पत्र्याची साखळी सरकताना दिसली. ते म्हणतात, मी दोन्ही हात पसरून थांब केलं. आत्या म्हणते, मला तू दिसलाच नाहीस. क्रेन थांबली नाही, पत्रा निसटला आणि काकांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. साहेबांनी वर न चढताच ठरवून टाकलं की पिंजऱ्यातून तो कोपरा दिसत नाही, खांब आड येतो. म्हणजे चालकाची चूक नाही, चालकाला दिसत नाही अशा जागी उभं राहणाऱ्याची चूक. आत्याची नोकरी राहिली आणि काका स्वतःच्या मूर्खपणाने पाय घालवलेला माणूस झाले. सगळ्यांसाठी. आमच्या घरासाठीसुद्धा! मी लहान असताना कुणीतरी मला सांगितलं होतं, कुठेही उभी राहत जाऊ नकोस, काकासारखं होईल.

काका एका खोलीत राहतात, शिलाई मशीन दुरुस्त करतात. बाबा आम्हाला तिकडे न्यायचे, आत्या कधी नाही. घरात त्यांचं नाव निघालं की आत्या उठून भांडी घासायला घ्यायची. घासलेलीच.

गोदी बंद पडून खूप काळ झाला. मला तिथे भटकायला आवडतं, मागच्या भिंतीला भगदाड आहे तिथून आत शिरते. रिकामी गोदामं, बॉयलरची खोली जिच्या छतातून झाड बाहेर आलंय, कामगारांच्या कपाटांच्या रांगा, एकात तर कुणाचातरी कंगवा तसाच. जहाजं दुरुस्तीला घ्यायच्या कोरड्या गोदीत आता हिरवं पाणी साठलंय आणि त्यात बगळे. मी फोटो काढते. परवा घरी दाखवत होते तर आत्याने माझा मोबाईल हिसकावलाच.

"ही माझी क्रेन आहे."

"हो? पुढच्या महिन्यात पाडणारेत ती शेड. पाटी लागलीय बाहेर."

ती स्क्रीनवर बोटाने मोठं करत राहिली, मोठं करत राहिली, फोटो फुटून नुसते ठिपके झाले तरी. मग म्हणाली, "मला घेऊन चल. त्या साहेबाने सांगितलं दिसत नाही आणि मी मानलं. सोयीचं होतं ना, मानलं. स्वतः कधी वरून बघितलं नाही तिथे कुणाला उभं करून. आता पाडणार म्हणजे कधीच कळायचं नाही."

"अगं गुडघे बघ तुझे!"

"गुडघे तुझे वापरू."

रविवारी भरदुपारी आम्ही गेलो. भगदाडातून आत येताना ती अडकली, मी मागून ढकललं, ती म्हणाली, "हळू, भवाने, मी काय पोतं आहे?" आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. शेडमध्ये पाय ठेवला तशी ती वर बघून म्हणाली, "त्या दिवशीही क्रेन साधारण इथेच होती." पत्र्याच्या भोकांतून ऊन खाली पडत होतं. जमिनीवर गंज आणि पक्ष्यांची घाण. ती हळूहळू चालत शिडीपाशी गेली आणि काठीने एकेक पायरी ठोकून ऐकत राहिली, हात पोचेल तिथपर्यंत. "खणखणीत वाजली तर पाय ठेव. भद्द वाजली तर ती सोडून पुढची." वरच्या पायऱ्या मी बुटाने ठोकत गेले. माझी फाटली होती, खोटं कशाला बोलू, पण खाली ती मान वर करून उभी होती आणि मला परत उतरवेना.

पिंजऱ्यात खुर्चीचा सांगाडा होता, दोन दांड्या होत्या आणि समोरची काच धुळीने मळलेली. तिने सांगितलं होतं तसंच केलं. खुर्चीवर बस, उभी राहू नकोस, वाकू नकोस, दांड्यांवर हात ठेव आणि समोर बघ. "मी त्या खांबापाशी जाते. दिसतं की नाही एवढंच सांग."

मी बसले. हात ठेवले. दांड्या गार होत्या. खाली आत्या काठी टेकत शेवटच्या खांबाकडे चालली होती, खूप वेळ लागला तिला, आणि मी मनात म्हणत होते आता खांबाआड जाईल, आता जाईल. जा ना गं. ती खांबापाशी पोचली, वळली, काठी खाली टाकली आणि दोन्ही हात आडवे पसरले.

माझे हात दांड्यांवरून आपोआप उठले. तळवे समोर.

जेवताना करायचो तसेच. विचार करायला वेळच मिळाला नाही, आणि मग कळलं मी काय केलं. तिचे हात तसेच पसरलेले होते, खूप वेळ. मग हळूच खाली आले.

उतरताना मी ठरवलं की खोटं बोलायचं. म्हातारी बाई आहे, काय मिळणार आता, पाय परत येणारे का काकांचा? शेवटची पायरी उतरून मी एका दमात बोलून टाकलं, "आत्या, काचेवर धूळच एवढी आहे, काही दिसत नाही."

"मग तळवे कुणाला दाखवलेस?"

मी रडायलाच लागले. ती नाही रडली. माझ्याच ओढणीच्या टोकाने माझं नाक पुसलं, तेही खसकन.

"पण त्या दिवशी मध्ये काहीतरी असेल ना," मी म्हटलं. "दुसरा माल, ट्रॉली, काहीतरी."

"ती वाट कायम मोकळी ठेवायचो." ती पिंजऱ्याकडे बघत होती. "आज काच इतकी घाण असून तुला दिसलं. मी तर रोज पुसायचे गं."

मग म्हणाली, "काठी उचलून दे. दादाकडे जायचं."

"आत्ता? घरी जाऊ, बाबांना सांगू, मग..."

"घरी गेले तर मी भांडी घासत बसेन."

रिक्षा करून आम्ही थेट तिकडे गेलो. काकांच्या खोलीचं दार उघडंच होतं, ते जमिनीवर बसून एका मशीनचं चाक फिरवून बघत होते, जयपूर फूट शेजारी काढून ठेवलेला. त्यांनी वर बघितलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे.

"कोण मेलं?" ते म्हणाले.

"कुणी नाही," आत्या दारातूनच म्हणाली. "शेडमध्ये जाऊन आले. हिला वर चढवलं आणि मी तुझ्या जागेवर उभी राहिले. दादा, दिसतोस तू तिथून."

"मला काय सांगतेस? मी नव्हतो का तिथे?"

काकांनी मला विचारलं, "कितपत दिसत होती?"

मी आत्याकडे बघितलं. तिने मान हलवली, सांग म्हणून.

"चेहरासुद्धा दिसत होता," मी म्हटलं.

काकांनी चाक फिरवायचं थांबवलं. मग एकदम ओरडले, "आख्ख्या दुनियेने मला येडा ठरवला! आईसुद्धा मरताना म्हणाली, बघून उभा राहत जा रे. आईसुद्धा!" त्यांचा आवाज फाटला. "आणि तू वर बसून काय बघत होतीस गं?"

"आठवत नाही. खरंच नाही आठवत, दादा. पण बघायला हवं होतं. थांब कुणाचंही ऐकायचं असतं, आणि तू केलं होतंस. आज घरी जाऊन मी हिच्या बाबाला सांगणार आहे, सगळ्यांना सांगणार आहे. आधी तुला सांगायला आले."

"सांगितलंस ना? जा मग."

आत्या गेली नाही. ती उंबऱ्यावरच बसली, काठी मांडीवर घेऊन. "हाकललंस तरी बसते," ती म्हणाली. काकांनी पाठ फिरवली आणि चाकात तेल घालायला लागले, सगळं तेल बाहेरच सांडत होतं. मी मधेच उभी. बाहेर अंधारून आलं. कुणीच दिवा लावला नाही.

शेवटी काका पाठमोरेच म्हणाले, "दार लावून घ्या. डास शिरतात."

आत्याने वर माझ्याकडे बघितलं. "आतून की बाहेरून?" तिने अगदी हळू विचारलं, मला.

"आतून!" काका खेकसले.

मी तिला काखेत हात घालून उठवलं.