पेंडसेबाई आणि दिव्याचा बांबू

पेंडसेबाई आमच्या ऑफिसात आल्या आणि पहिलं काम केलं ते साफसफाईचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर वरच्या अंगाला चित्रांची रांग असते ना, त्यातली नको ती एकेक करून काढून टाकली. मी म्हटलं, "अहो बाई, पैसे मोजलेत त्याचे!" त्या म्हणाल्या, "न लागणारे बांबू तुम्ही गोदामाच्या दारात ठेवता का, आबा?" मला असं ऐकवणारी माणसं कर्वेनगरात फार नाहीत.

माझा मांडवाचा धंदा. शाळा चौथीपर्यंत, आणि तेवढी पुरली. कोटेशनं टाइप करायला माणूस हवा होता. बाई खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या, एकट्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "काचबिंदू आहे. नजर जातेय. ती जायच्या आत बोटांना सगळं शिकवणार. चालत असेल तर ठेवा. घरी बसून भिंतीकडे बघायचं, तर तीही दिसणार नाही."

मग त्यांनी प्रत्येक कामाला कीबोर्डवरची बटणं नेमून दिली. कंट्रोल, ऑल्ट आणि के दाबलं की कोरं कोटेशन हजर. माउस ड्रॉवरमध्ये गेला. "तो शोधावा लागतो. बटणं जागा सोडत नाहीत." कागद बाहेर आला की त्याला हात लावायच्या. "गरम आहे, म्हणजे छापलं."

अशी दोन-तीन वर्षं झकास गेली. नजर जवळजवळ संपली तरी काम अडलं नाही. मग आमच्या चिरंजिवांनी, हेमंतने, न विचारता नवा कॉम्प्युटर आणला आणि जुना भंगारात घातला. बाईंनी बटणं दाबली. काहीच झालं नाही. पुन्हा दाबली. मग हळूच पर्स उचलली. "संपलं, आबा. बटणं नेमायची ती कामांच्या यादीतून, आणि ती यादी आता मला दिसत नाही."

"खाली बसा," मी म्हटलं. "वाऱ्याने मांडव पडला तर मी घरी जातो का? यादी मी वाचतो."

"तुम्ही? इंग्रजी?"

"गाड्यांच्या नंबरप्लेटा काय तुमच्याकडून वाचून घेतो?"

खरं म्हणजे प्लेटवर सगळी अक्षरं मोठी. ही बारकी पिल्लं मी कधी पाहिली नव्हती. पण मागे हटतो कोण! "मोठा पी. मग बांबू, टोकाला हूक. मग बांबूवर दिवा. मग कमान. मग बांबूला आडवी काठी."

बाई इतक्या हसल्या की पदर डोळ्यांना लावावा लागला. "प्रिंट! अहो, प्रिंट आहे ते! दाबा त्यावर." मी दाबलं, शेजारच्या चौकोनात त्यांनी आपली बटणं दाबली. असं करत अख्खा मांडव पुन्हा उभा केला, वरची नको ती चित्रंही पुन्हा काढली. मध्ये हेमंत डोकावला. "बाबा, मी करून देतो ना पटकन!" बाई म्हणाल्या, "आपण केलंत तेवढं पुष्कळ झालं."

त्यानंतरही त्या बरीच वर्षं आल्या. गुडघ्यांनी जिन्याला नाही म्हटलं, तेव्हा भाचीकडे नाशिकला निघाल्या. शेवटच्या दिवशी मला खुर्चीत बसवलं. "डोळे मिटा आणि कोटेशन काढा." मी काढलं. त्यांनी कागद हातात घेतला. "गरम आहे," म्हणाल्या. "शिकलात हो आबा, नकळत का होईना."

हेमंत म्हणतो, आता तरी पडद्यावरची ती चित्रं परत आणू. मी आणू देत नाही. बारकी अक्षरं आता मला सगळी येतात. तरी कागद आला की आधी हात लावतो, वाचतो मग.