देवाला तोललेलं वजन

“दादा, ह्याचा दम असा कावून चाललाय? पळून आल्यावानी?”

शिवलिंगच्या आईने विचारलं आणि मी औषधाची पुढची पुडी हातात धरून तसाच उभा राहिलो. पोरगं खाटेवर पडलं होतं. ताप उतरला होता, अंग घामाने भिजलं होतं, गुडघ्याला हात लावला तरी ओरडत नव्हतं. औषध लागू पडलं म्हणून मी सकाळपासून खुशीत होतो. पण आता त्याची छाती भराभर वरखाली होत होती, आणि तो सकाळपासून दोनदा ओकला होता.

“माय, कानात भुंगे हायेत,” तो म्हणाला. “काढ की.”

ते ऐकलं आणि मी हातातली पुडी खिशात टाकली.

निजामाचा अंमल होता. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. डॉक्टरने लिहायचं आणि कंपाउंडरने मोजून, खलून, पुड्या बांधून द्यायचं, असं ते काम. शिवलिंगला सांध्यांचा ताप होता. त्यावर आम्ही सॅलिसिलेट द्यायचो. डोकेदुखीची ऍस्पिरिनची गोळी तेव्हा नवीनच आली होती, ती ह्याच कुळातली. ताप उतरवते, दुखणं थांबवते. प्रमाणाबाहेर गेली की आधी कान वाजतात, मग श्वास वाढतो. त्यापुढे काय होतं ते मी एकदा पाहिलं होतं, पुन्हा पाहायचं नव्हतं.

हे औषध आम्ही ग्रेनमध्ये मोजायचो. ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. मोठ्या माणसाला दोनचार ग्रेन इकडेतिकडे झाले तर चालून जातं, लेकराला नाही. म्हणून आमच्या डॉक्टरसाहेबांचा नियम होता की वय विचारायचं नाही, वजन घ्यायचं. हैदराबादहून आलेला कडक माणूस. त्यांचंही खरंच होतं. वय विचारलं की आया सांगत, “पटकी आलती त्या साली झालाय.” त्यावरून मात्रा कशी काढणार?

शिवलिंगचे वडील नागप्पा हे तेलगावचे किराणा व्यापारी. पोराला दवाखान्यात आणलं त्या दिवशी मी म्हणालो, “आप्पा, समोरच्या आडतीवर पोत्यांचा काटा हाय. त्यात बसवून वजन घेऊ.”

त्यांच्या बायकोने पोराला छातीशी धरलं. “मालाच्या काट्यात लेकरू घालत न्हाईत, दादा. दिष्ट लागती.”

“अहो, पण औषध...”

“वजन मी सांगतो की,” आप्पा म्हणाले. “मागच्या शिवरातीला नवस फेडला. महादेवाच्या देवळात गुळानं तोललाय त्याला. ईस शेर. माझ्या हातानं तोललाय.”

व्यापाऱ्याचा हात आणि त्यात देवाचं काम. एखाद्या गिऱ्हाइकाला माप कमी देईल, पण महादेवाला फसवेल का? मी वीस शेर लिहून डॉक्टरसाहेबांपुढे कागद ठेवला. वजन ऐकीव आहे हे सांगितलं नाही. आई रडत होती, बाहेर रोग्यांची रांग होती, आणि मला ते काम उरकायचं होतं. पोरगं घोंगडीत गुंडाळलेलं होतं. घोंगडी बाजूला केली असती तर बरगड्या दिसल्या असत्या. मी ती केली नाही.

आता मी डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेलो आणि कानांचं सांगितलं. ते उठलेच.

“वजन किसने लिया था?”

“आप्पांनी सांगितलं, साहेब. नवसाच्या गुळावरनं.”

“मैं पूछ रहा हूँ, तुमने लिया था?”

“नाही.”

मला भीती वाटली. आधी नोकरीची, मग पोराची. तो क्रम आज सांगायची लाज वाटते, पण तसाच होता.

साहेबांनी औषध तिथल्या तिथे बंद केलं. सोडा घातलेलं पाणी चमच्याचमच्याने पाजायला सांगितलं. मग मला म्हणाले, “जाओ, काटा लाओ.”

हमालांनी काटा आणून ओसरीच्या आढ्याला टांगला. आई पुन्हा आडवी आली. “न्हाई, न्हाई! आधीच लेकरू असं पडलंय!”

मी काही बोलणार तोच आप्पा पुढे झाले. त्यांनी तिच्या हातातून पोराला घेतलं, पारड्यात बसवलं आणि त्याची मान आपल्या तळहातावर धरली. साहेब म्हणाले, “हाथ हटाओ.” आप्पांनी हात काढला.

तेरा शेर भरले.

“आप्पा,” मी विचारलं, “ईस शेर गूळ कसा लागला हो?”

ते खालीच बसले. “अंगावर चांदी व्हती. कमरंला करगोटा, पायात वाळे. आन् गुळाचं पारडं भुईला टेकस्तोवर मीच ढेपा घालत गेलो. देवाला बरोब्बर मोजून कसं द्यावं, दादा? लोक बगत व्हते, मलाबी आनंद झालता. पाच साल नवस केला तवा झालेलं लेकरू हाय.”

वर महिनाभराच्या तापाने अंगावरचं मांस गेलेलं. म्हणजे तेरा शेरांच्या पोराला मी वीस शेरांचं औषध दोन दिवस देत होतो. आप्पांनी कुणालाच फसवलं नव्हतं. त्यांनी देवाला मोकळ्या हाताने दिलं होतं, आणि मी ते माप औषधाला लावलं होतं.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, “म्या येडी हाय, दादा. माझं तुमी कावून ऐकलं?”

मी सोड्याच्या पाण्याचा चमचा भरून पोराच्या ओठांना लावला.

तो दिवस आणि दुसरा दिवस आई, आप्पा आणि मी, आम्ही तिघं त्या खाटेपासून हललो नाही. पाणी पाजायचं, श्वास मोजायचा, पुन्हा पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास उतरला. तिसऱ्या दिवशी त्याने ज्वारीची पेज मागितली. कानांतले भुंगे आठवडाभर राहिले, मग गेले. साहेबांनी सॅलिसिलेट पुन्हा सुरू केलं, तेरा शेरांच्या हिशोबाने. नोकरीवरून काढलं नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस मी लिहिलेलं प्रत्येक वजन ते स्वतः पुन्हा घ्यायचे, माझ्यासमोर. त्यापेक्षा काढलं असतं तर बरं, असं वाटायचं.

पुढे मी तीसेक वर्षं औषधं मोजली. आईबाप लेकराचं वजन सांगतात तेव्हा त्यात त्यांची माया मिसळलेली असते, आणि ती किती शेर आहे हे ऐकून कळत नाही. म्हणून पोरगं काट्यात बसवायचं. आई रडत असली तरी बसवायचं.