दाजी, ब्रेक?

हे मी आजवर कुणापाशीच बोललो नाय. बायकोपाशी तर नायच — तिच्याच भावाची गोष्ट हाय. तुम्हाला का सांगतोय? ते मलाबी नीट कळत नाय.

सिदू माझा मेव्हणा. मुकुंदवाडीतून आम्ही दोघं जोडीनं निघायचो, झाडं कापायची मशीन घेऊन. मशीन माझ्या हातात, कापलेल्या फांद्या ओढायचं काम त्याचं. मशीन चालू असली तरी पुढची दांडी ढकलून ब्रेक लावला, की साखळी फिरत नाय. म्हणून फांदीला हात घालायच्या आधी तो ओरडायचा — "दाजी, ब्रेक?" मी दांडी ढकलायचो, म्हणायचो, "लागला!" मगच तो हात घालायचा. दर फांदीला हेच. लई वैताग यायचा. "तू मेव्हणा हायस का सासू?" म्हणायचो मी. तो दात काढायचा, अन् पुढच्या फांदीला पुन्हा तेच.

आता त्या आवाजासाठी जीव किती तरसतो — कसं सांगू?

त्या दिवशी खुलताबादजवळ वाऱ्यानं पडलेला लिंब कापत होतो. ऊन नुसतं मी म्हणत होतं. सिदूनं विचारलं. अन् मी — दांडीला हातही न लावता — खेकसलो, "लागला रं बाबा, लागला!" बोट रेसवरच होतं. तो वाकला, अन् काटक्यांवरून माझा पाय घसरला...

उजव्या हाताची दोन बोटं गेली त्याची.

दवाखान्यात बायको धावत आली. "कसं झालं?" एवढंच तिनं विचारलं. अन् मी बोलून गेलो — "न विचारताच हात घातला त्यानं." भ्यालो होतो? व्हय. पण अडखळलो का? जरासुद्धा नाय. सिदू गुंगीतून जागा झाला, तशी ती रडत रडत त्यालाच बोलायला लागली. तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता बोलतोय. तर हळूच म्हणाला, "इसरलो असंन मी, दाजी."

तेव्हा तरी तोंड उघडायचं ना? नाय उघडलं.

तो पिशोरला गेला, त्याच्या सासरवाडीला. तिथं बाजारात भाजी विकतो. मी दुसरा जोडीदार घेतला — कामाला चांगला हाय, पण विचारत कधी नाय. मीच आपला दर फांदीला दांडी ढकलतो अन् ओरडतो, "लागला!" तो येड्यासारखा बघतो माझ्याकडं. त्याला काय माहीत, मी कुणाला सांगतोय.

परवा जयंतीला सिदू घरी आला. घर कसं भरल्यासारखं वाटलं. नव्या जोडीदारालाही मी जेवायला बोलावलं होतं. सिदूनं आपला तीन बोटांचा हात त्याच्यापुढं धरला अन् मायेनं समजावलं, "हात घालायच्या आधी इचारत जा, भाऊ. मी एक डाव नाय इचारलं, बघ. दाजींचा काय दोष नव्हता त्यात." मग माझ्याकडं वळून हसला.

"व्हय ना, दाजी?"

मी म्हणालो, "व्हय."