दुसऱ्या पानावरचा फोटो

चेन्नईत अड्यारला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका तंजावरी मराठी म्हाताऱ्याचा छापखाना होता. आमच्या भागापुरतं चार पानी साप्ताहिक काढून तो दर शनिवारी घरोघर फुकट टाकायचा. उन्हाळ्यात दारात ताकाचे माठही ठेवायचा; पण त्याचं खरं पुण्यकर्म दुसऱ्या पानावर असे. भागातलं कुणीही गेलं, बँकेचा साहेब असो की भांडी घासणारी बाई, त्याची बातमी फोटोसकट फुकट. गरिबाघरी फोटो नसतो, म्हणून तो म्हाताऱ्या माणसांचे फोटो आधीच काढून ठेवी. कॅमेरा गळ्यात अडकवून निघाला की लोक म्हणत, "आला चित्रगुप्त!" तोही हसायचा.

बाबा गेले आणि त्सुनामीच्या पुढच्या वर्षी मी आईला सांगलीहून इकडे आणलं. तिला तमिळ येत नव्हतं, शिकायचंही नव्हतं. "इथं मेले तर कुत्रंसुद्धा विचारायचं नाही," हे तिचं पालुपद. बँकेतून दमून यावं आणि हे ऐकावं! मी चिडायचे. ती म्हणते ते खरंच असेल, अशी मला भीती वाटायची.

तिच्याशी मराठी बोलणारा शेजारी तो छापखानेवाला एकच. त्याचं जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं मराठी ऐकून आई म्हणायची, "पेशवाईतनं उठून आलाय मेला." पण शनिवारी त्याची यायची वेळ झाली की फाटकाशी उभी असायची.

एकदा तिनं त्यालाही ते पालुपद ऐकवलं.

"असं कां म्हणतां, अक्का? मी आहें की," तो म्हणाला. "तुमची बातमी मी घालतों. फोटोला बसा मा."

"भलतंच!" म्हणत ती आत गेली आणि ठेवणीतली इरकल नेसून बाहेर आली. जास्वंदीपाशी खुर्ची टाकून त्यानं फोटो काढला. मला तो प्रकार मुळीच आवडला नाही. पालुपद मात्र त्या दिवसापासून थांबलं.

पोंगलच्या आधी तोच गेला. परदेशातल्या मुलानं छापखाना विकला, पेपर बंद झाला. इतक्यांच्या बातम्या छापणाऱ्याची स्वतःची बातमी कुठंच आली नाही. आई दिवसभर जेवली नाही. "आता माझं कोण छापणार?" म्हणाली.

ती गेली तेव्हा स्मशानात बँकेतले चार-पाच जण तेवढे होते. तिचंच खरं झालं, म्हणून मी तिथं ढसाढसा रडले.

मग एकेक जण आजीबद्दल, त्यांच्या 'पाट्टी'बद्दल, विचारू लागला. इस्त्रीवाला, रिक्षा स्टँडवरचे, औषधांच्या दुकानातली मुलगी. "पाट्टी दिसत नाहीत?" मी मोडक्या तमिळमध्ये सांगायचे, "अम्मा पोयिट्टांग," आई गेली. कोपऱ्यावरची फूलवाली तर माझ्या ओंजळीत मोगरा ओतून रडायलाच लागली. आई रोज तिच्यापाशी बसायची म्हणे, ती तमिळमध्ये बोलायची आणि आई मराठीत.

कित्येक महिने मी तिची बातमी अशी तोंडानं सांगत होते. म्हणे कुत्रंसुद्धा विचारायचं नाही! आई, तू हे ऐकायला हवी होतीस गं.